पुरावा आजोबांचा, फी नातवंडांची

बारावीचा निकाल लागला की जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद, टेंभुर्णी, माहोरा इथल्या सेतू केंद्रांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांत रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचे प्रमाणपत्र, नॉन क्रिमिलेअर आणि सगळ्यात अवघड म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. घरात सातबारा असेल, आजोबा चार इयत्ता शिकलेले असतील, तर ही धावपळ कशीबशी निभावते. पालावर वाढलेल्या वैदू, घिसाडी, गोपाळ, मसणजोगी, नंदीवाले समाजांतल्या पोरापोरींची गाडी मात्र इथेच अडते. मार्क असतात, पण पुरावा नसतो.

हा पुरावा नसेल तर थेट खिशाला कात्री लागते. राज्यात विमुक्त जातींना ३ टक्के, तर भटक्या जमातींच्या ब, क आणि ड गटांना अनुक्रमे २.५, ३.५ आणि २ टक्के आरक्षण आहे. शासकीय प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या पात्र विद्यार्थ्याचे शिक्षण शुल्क सरकार भरते. खासगी अभियांत्रिकी किंवा फार्मसीची वर्षाची फी लाखाच्या घरात जाते. वैधता मुदतीत सादर झाली नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि ही सगळी रक्कम कुटुंबाच्या अंगावर येते. ज्या घरात एवढा पैसा एकरकमी कधी आलेलाच नाही, तिथे त्याचा अर्थ एकच, शिक्षण थांबले.

तारीख १९६१ची, विद्यार्थी आजचा

जात प्रमाणपत्र देण्याचा आणि पडताळणीचा राज्याचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्याच्या कलम ८ नुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. खोट्या दाखल्यांवर जागा बळकावणाऱ्यांना रोखायला पडताळणी हवीच. पण त्यासाठी लागणारा पुरावा ठरावीक तारखेआधीचा असावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते, हे आज सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने दाखवायचे असते.

हे दाखवायचे कसे? वंशावळीचे शपथपत्र करायचे. वर पणजोबा, खाली आजोबा आणि त्यांचे भाऊ, मग वडील, शेवटी स्वतः. त्यातल्या एखाद्या जुन्या नावासमोर कागद जोडावा लागतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल किंवा जमिनीचा महसुली कागद यांपैकी काहीही चालते. रजिस्टरच्या त्या एका ओळीत नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव एवढेच असते. गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहिले असेल किंवा आडनावाच्या जागी धंदा टाकला असेल, तर ती ओळ असून नसल्यासारखी होते. भटक्यांच्या घरी तेवढीही नसते. जमीन नाही म्हणून सातबारा नाही. मूल रस्त्यात जन्मले म्हणून नोंद नाही. मुक्काम टिकला नाही म्हणून शाळा नाही.

सीमेवरच्या तालुक्याची वेगळी अडचण

जाफराबाद तालुका बुलढाणा जिल्ह्याला लागून आहे. पूर्वी ही दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड. इकडच्या जुन्या नोंदी उर्दूत, खासरा आणि पाहणी पत्रकांत. तिकडच्या वेगळ्या पद्धतीने, कोतवाल बुकात. सोयरिकी आणि बाजार दोन्हीकडचे, त्यामुळे भटकंतीही दोन्हीकडची.

नियमाप्रमाणे मानीव दिनांकाला, म्हणजे वर सांगितलेल्या तारखेला, पूर्वज जिथले रहिवासी होते, तिथल्या सक्षम अधिकाऱ्याकडे दाखला मागायचा. आजोबा तेव्हा चिखलीकडे असतील, तर जाफराबादच्या मुलाने बुलढाणा जिल्ह्यात अर्ज करायचा. आजोबांचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर असेल, तर त्यांचे गाव कोणते म्हणायचे?

शाळा उघडी, कॉलेज बंद

कागदांपायी कॉलेज अडण्याचा प्रकार जगातही आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, विनापरवाना आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. पण तो शाळेपुरताच. कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांची कमी फी त्यांना लागू करणारा कायदा टेक्सासने २००१ मध्ये केला. ती सवलत जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारण्यास मनाई केली. तोच मुलगा बारावी झाला की त्याच्याकडे आजोबांचा पुरावा मागितला जातो. शिवाय इथे प्रश्न परक्या देशातून आलेल्यांचा नाही. ही मुले याच मातीतली. १८७१ च्या कायद्याने भटक्या-विमुक्तांतल्या अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला, पण हातात घर, जमीन, कागद काही आले नाही. ज्या व्यवस्थेने या लोकांना कधी माणसांत मोजले नाही, तिनेच आता मोजणीचा पुरावा मागणे हा अन्याय आहे.

दप्तर सरकारचे, शोधही सरकारने घ्यावा

जुना पुरावा सरकारने शोधणे अशक्य नाही, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. कुणबी नोंदींसाठी तहसिलींतली उर्दू आणि मोडी दप्तरे बाहेर काढली गेली, जाणकार बसवले गेले. यंत्रणेने मनावर घेतले की जुने दप्तर बोलते, हे तेव्हा दिसले. तोच शोध भटक्या-विमुक्तांसाठीही व्हायला हवा.

आणि जिथे कागद मुळात जन्मलाच नाही, तिथे गृहचौकशी हाच मुख्य पुरावा मानावा. दक्षता पथकाने वस्तीवर जाऊन वडीलधाऱ्यांचे जबाब घ्यावेत आणि ते काम मूल नववी-दहावीत असतानाच उरकावे. घरातल्या एकाला वैधता मिळाली की रक्ताच्या नात्यातल्या इतरांची वाट मोकळी व्हावी, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्येच मांडले आहे. म्हणून प्रत्येक वस्तीत निदान एका कुटुंबाचे प्रकरण आधी तडीस न्यावे. काका, आत्या, चुलतभाऊ यांपैकी कुणाकडे वैधता आहे का, याची चौकशी पालकांनी बारावीची वाट न पाहता करावी. अर्जाची पावती जपावी, त्रुटीचे पत्र आले तर मुदतीत उत्तर द्यावे.

शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी यात हात दिला तर पुष्कळ काम गावातच होईल. बाकीचे मात्र सरकारनेच केले पाहिजे. कॉलेजच्या दारात मुलाला त्याचे मार्क विचारावेत. त्याच्या आजोबांचा पत्ता शोधण्याचे काम त्याच्या डोक्यावर टाकू नये.