जंत म्हणून हिणवू नका

गैरसमज : सूत्रकृमी म्हणजे पोटातले जंत, नाहीतर डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारा शेतकऱ्याचा शत्रू.

हे त्याचे भाऊबंद खरे; पण प्रयोगशाळेतला सीनोरॅब्डायटिस एलिगन्स कुणाच्या जिवावर जगत नाही. कुजक्या फळांवरचे जिवाणू खातो. लांबी जेमतेम 1 मिलिमीटर. आगरच्या बशीत ई. कोलायचा पातळ थर दिला की त्याचं भागतं आणि तीन-चार दिवसांत अंड्यातून निघून प्रौढही होतो. प्लॅटिनमच्या तारेच्या चपट्या टोकाने एकेक जंत न दुखावता उचलायचा, नव्या बशीत सोडायचा. नवख्या संशोधकाचा हात आधी यावर बसतो.

गैरसमज : एवढ्याशा किड्यावरून माणसाचं काय कळणार?

हा सगळ्यात चिवट गैरसमज. सिडनी ब्रेनर यांनी 1963 मध्ये केंब्रिजला हा प्राणी सुचवला, तो विचारपूर्वक. त्याचं अंग पारदर्शक, त्यामुळे जिवंतपणीच आतल्या पेशी विभागताना दिसतात. जॉन सल्स्टन रोज दोनदा, चार-चार तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आणि दीड वर्षात त्यांनी भ्रूणातल्या प्रत्येक पेशीची वंशावळ मांडली. उभयलिंगी जंतात शरीराच्या 1090 पेशी तयार होतात, त्यांतल्या 131 ठरल्या वेळी मरतात, उरतात 959. दरवेळी त्याच! या मरणामागची जनुकं रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी शोधली. त्यांतल्या सेड-9 चा माणसातला जोडीदार म्हणजे बीसीएल-2, लसीका ग्रंथींच्या कर्करोगात सापडलेलं जनुक. माणसाचं हे जनुक जंतात घातलं, तर तिथेही ते पेशींना मरू देत नाही. तिघांना 2002 चं नोबेल मिळालं. पुढे 2006, 2008 आणि 2024 च्या नोबेलांतही या जंताचा वाटा आहे.

गैरसमज : चेतापेशी फक्त 302, त्यांच्या जोडण्यांचा नकाशा 1986 पासून हाताशी, मग उरलंय काय?

बरंच काही. तारा कुठून कुठे जातात हे कळलं, म्हणून फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. शिवाय काही रासायनिक संदेश या जोडण्यांबाहेरूनच फिरतात. चेतापेशीच्या आत मालाची ने-आण कशी होते, यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही (टीआयएफआर) याच जंतावर काम चालतं.

गैरसमज : आयुष्य दुप्पट करणारं जनुक सापडलंय.

सापडलंय, 1993 मध्ये. सिंथिया केन्यन यांनी डॅफ-2 मधल्या एका बदलाने आयुष्य दुप्पट केलं ते या दोन-तीन आठवडे जगणाऱ्या जंताचं. तेव्हा दीर्घायुष्याचा मथळा दिसला, की गोळ्या मागवण्याआधी बातमीतला प्राणी कोणता ते वाचा.