चार चाकांमागचा विचार – लेखांक ६ : लटकलेल्या चाकाचं काय करायचं?

पावसाळ्यात आटगावहून तानशाकडे येताना डांबरी रस्ता सुटला आणि गाडी एखाद्या फार्महाऊसच्या कच्च्या वाटेला लागली, की तिची खरी परीक्षा सुरू होते. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या, मधे उंचवटा, बाजूला भाताच्या खाचराचा बांध. अशा वाटेवर गाडी तिरकी चढली की एक चाक चाकोरीत रुततं आणि दुसरं जमीन सोडून हवेत गरगर फिरायला लागतं. बाकीची चाकं जमिनीवर टेकलेली असतात, तरी गाडी जागची हलत नाही. दोन महागड्या प्रतिस्पर्धी गाड्या, लँड रोव्हरची डिफेंडर आणि मर्सिडीजची जी-क्लास, यांच्यातला फरक मला बाकी कशाहीपेक्षा या एका क्षणात जास्त स्पष्ट दिसतो.

आधी चाक असं का वागतं ते पाहू. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावं म्हणून अ‍ॅक्सलवर डिफरन्शियल असतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि घोळ इथेच होतो. हवेतल्या चाकाला फिरायला जोर जवळपास लागतच नाही. त्यामुळे जमिनीवरच्या जोडीदारालाही तेवढाच, म्हणजे नगण्य जोर मिळतो. चारही चाकांना कायम जोर देणाऱ्या फोर बाय फोर गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधेही असंच एक डिफरन्शियल असतं. तेही मोकळं असेल, तर एका लटकलेल्या चाकापायी चारही चाकं हतबल होतात.

जी-क्लासचं उत्तर सरळ आहे : डिफरन्शियल जाम करून टाका. डॅशबोर्डवर तीन बटणं आहेत. आधी मधलं, मग मागचं, शेवटी पुढचं. तिन्ही लॉक केली की चारही चाकं एकाच गतीने फिरतात. एक हवेत असलं तरी टेकलेलं चाक गाडी ओढून काढतं. मात्र पुढचं लॉक लागलं की स्टिअरिंग जड होतं आणि गाडी वळायला कुरकुरते, म्हणून ते गरजेपुरतंच लावायचं आणि लगेच सोडायचं. कुठलं लॉक कधी लावायचं, कधी सोडायचं, हे ड्रायव्हरला कळायला हवं. ही गाडी 1979 पासून ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बनते आणि जवळच्या शॉक्ल डोंगराच्या खडकाळ वाटांवर तिची कसोटी लागते. लष्करासाठीही उपयोगी पडावी असा हिशोब पहिल्यापासून होता. 2018 साली ती जवळपास नव्याने घडवली, पुढचा सलग अ‍ॅक्सल गेला. पण शिडीसारखी पोलादी चासी आणि मागचा सलग अ‍ॅक्सल त्यांनी सोडला नाही.

लँड रोव्हरचं मूळ शेतात आहे. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या आपल्या जमिनीवर युद्धातून उरलेली विलीज जीप वापरत. तिच्या जागी आपलीच एखादी गाडी हवी, या विचारातून 1948 ची पहिली लँड रोव्हर आली. युद्धानंतर पोलाद रेशनवर होतं, म्हणून बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली. त्याच सुमारास तीच विलीज जीप मुंबईत महिंद्रा कंपनी जोडायला लागली होती. जुन्या डिफेंडरचं उत्पादन जानेवारी 2016 मध्ये थांबलं. 2019 मध्ये नवी आली तेव्हा लँड रोव्हरची मालकी 2008 पासून टाटांकडे होती. या नव्या डिफेंडरने शिडीची चासी टाकून दिली आणि अ‍ॅल्युमिनियमचं मोनोकॉक, म्हणजे चासी आणि बॉडी एकसंध असलेलं, कवच घेतलं. लटकलेल्या चाकाचा निर्णय इथे संगणक घेतो. तो फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो, त्यामुळे त्याच्या जोडीदार चाकाला जोर मिळतो. मधलं डिफरन्शियल, आणि काही मॉडेलांत मागचंही, तो स्वतःच आवळतो. ड्रायव्हरने फक्त चिखल, वाळू की खडक एवढं सांगायचं, तेही नाही सांगितलं तरी चालतं.

एक कंपनी ड्रायव्हरच्या हातावर विश्वास टाकते, दुसरी सेन्सरवर. माझा कौल आपल्या वाटांसाठी डिफेंडरला आहे. शनिवारी मुंबईहून येणाऱ्या माणसाने तीन लॉकांचा क्रम कधी गिरवलेला नसतो, आणि चुकीच्या वेळी पुढचं लॉक लावलेली अडीच टनांची गाडी वळता न आल्याने कुणाच्या तरी बांधावर जाते. आवणी झालेल्या खाचराचा बांध फुटला की त्याचं पाणी जातं. पण रोज त्याच वाटेने ये-जा करणाऱ्या सरावलेल्या हाताला जी-क्लासच हवीशी वाटेल, हेही तितकंच खरं. ब्रेक लावून जोर वळवताना ब्रेक तापतात. लॉकमध्ये तो प्रश्नच नाही.

पाण्याबद्दल मात्र दोन्हींच्या मालकांना कळकळीने सांगायचं आहे. एअर सस्पेन्शनवर डिफेंडर 900 मिलिमीटर पाण्यातून जाते, जी-क्लास 700, असं कंपन्या सांगतात. हे आकडे संथ पाण्याचे आहेत. फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्याला ते लावू नका. गाडीच्या तळाच्या वर फूटभर पाणी चढलं, आणि ते आत शिरलेलं नसलं, की दोन टनांच्या आसपास वजन पाणी उचलून धरतं. मग टायरची पकड उरत नाही, आणि पकडच नसेल तर लॉक आणि संगणक दोन्ही निकामी. काळू किंवा भातसा नदी फुगलेली असताना गावकरी थांबा म्हणाले, तर थांबा.

ज्यांना लॉकचा विचार पटला पण किंमत आवाक्याबाहेरची वाटली, त्यांनी पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा पाहावी. शिडीची चासी, पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियलना हाताने लावायचं लॉक, आणि चेहरा थेट जी-क्लासची आठवण करून देणारा. हीच कंपनी चाकणला मर्सिडीजसाठी इंजिनंही जोडते. पुढच्या आठवड्यात चाकणलाच जाऊ : तिथे बनणारी मर्सिडीजची जीएलएस आणि 2024 पासून पुण्यात जोडली जाणारी रेंज रोव्हर, दोघी खड्ड्यावरून जाताना मागच्या सीटवरच्या माणसाचा विचार कसा करतात, ते पाहायला.