चाचणीनं आपलं आवरून जावं: उरलेल्या फायली आणि पॅटर्नमधली चिन्हं

आज कुंभार पिंपळगावात बोलतोय, तेव्हा उदाहरणही याच नावाचं घेऊ या. विषय थोडा तांत्रिक आहे, पण ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिला नाही त्यांनाही समजेल असं सांगायचा आमचा प्रयत्न राहील.

आधी ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे काय ते बघू. आपण एक प्रोग्राम लिहितो. तो नीट चालतो का, हे रोज हातानं तपासणं शक्य नसतं. म्हणून तपासणारा दुसरा छोटा प्रोग्राम लिहितो. तो पहिल्याला कामाला लावतो, उत्तर बघतो, बरोबर असेल तर हिरवी खूण देतो, चुकलं तर लाल. अशा शंभर-दोनशे चाचण्या एकत्र केल्या की झाला चाचणी-संच. हिरवं दिसलं की आपण निर्धास्त होतो. प्रश्न असा, की हिरवी खूणच खोटी असेल तर?

आमच्याच कामातला प्रसंग सांगतो. गावनिहाय याद्या तयार करणारा एक प्रोग्राम आम्ही पायथनमध्ये लिहिला होता. फाइलचं नाव असायचं ‘कुंभार पिंपळगाव [२०२४].सीएसव्ही’. काम झालं की पडद्यावर यायचं: ‘यादी तयार: कुंभार पिंपळगाव (३ नोंदी)’. त्याची चाचणी चार पायऱ्यांची होती. यादी बनव, फाइल आहे का बघ, संदेश बरोबर आहे का बघ, आणि शेवटी फाइल पुसून टाक. वाचायला अगदी सरळ. पण यात दोन चुका होत्या आणि दोघींनी एकमेकींना झाकून ठेवलं होतं.

पहिली चूक संदेशाच्या तपासणीत. आम्ही तो संदेश जसाच्या तसा पॅटर्न म्हणून दिला होता. पॅटर्न म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. ही कल्पना गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात मांडली आणि केन थॉम्पसन यांनी १९६० च्या दशकात ती मजकूर शोधायच्या कामाला जुंपली. कळफलकावर चिन्हं मोजकीच. त्यामुळे तीच चिन्हं दुहेरी काम करतात. टिंब म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’. तारका म्हणजे ‘आधीचं कितीही वेळा’. आणि गोल कंस? ते अक्षर म्हणून मोजलेच जात नाहीत, ते फक्त गट बांधतात. म्हणजे आमचा पॅटर्न कंस नसलेला ‘कुंभार पिंपळगाव ३ नोंदी’ असा मजकूर शोधत होता. खऱ्या संदेशात कंस होते. चाचणी लाल झाली, आणि प्रोग्राममध्ये तर काहीच बिघडलेलं नव्हतं.

मग आमच्यातल्याच एकानं घाईत उपाय केला. पॅटर्न काढून ‘.*’ लिहिलं, म्हणजे ‘काहीही चालेल’. चाचणी हिरवी झाली. ती आता कधीच लाल होणार नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरी चूक फाइल पुसण्यात. आम्ही नावाच्या नमुन्यावरून फायली शोधून पुसत होतो. याला ग्लॉब म्हणतात. ही वेगळी भाषा आहे. इथे टिंब म्हणजे साधं टिंबच, तारका म्हणजे कितीही अक्षरं, आणि चौकोनी कंस म्हणजे ‘यातलं कुठलंही एक’. बघा आता, ‘[२०२४]’ याचा अर्थ झाला २, ० किंवा ४ यांपैकी एकच अंक. आमचा नमुना ‘कुंभार पिंपळगाव २.सीएसव्ही’ शोधत होता. अशी फाइल नव्हतीच. शोध रिकामा आला, शून्य फायली पुसल्या गेल्या, आणि शून्य फायली पुसणं ही काही चूक धरली जात नाही. कुणी ओरडलं नाही. फाइल तिथेच राहिली.

पुढे एका बदलात फाइल लिहिण्याचा भागच बंद पडला. संदेश मात्र येत राहिला. चाचणीनं विचारलं, फाइल आहे का? आहे, जुनी. संदेश? काहीही चालेल. हिरवी खूण! काही दिवस जुन्याच याद्या पुढे जात राहिल्या आणि नव्या नोंदी केलेली माणसं त्यांत नव्हती. त्यांतल्या एकानं विचारलं, ‘माझं नाव कुठंय?’ तेव्हा आम्ही जागे झालो.

आणि जागे झाल्यावर आणखी एक चूक केली. फाइल पुसली जात नाही म्हणून नमुना सैल केला: ‘*पिंपळगाव*’. आता पिंपळगावं किती आहेत? आपल्याच जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे. नाशिककडे पिंपळगाव बसवंत आहे. चाचणी आणि खरं काम एकाच फोल्डरमध्ये चालत होतं. पुढच्या चाचणीत रेणुकाईची खरी यादी गेली. ती पुन्हा हातानं टाइप करावी लागली. ज्यांनी केली त्यांचा चेहरा आम्हाला अजून आठवतो.

तर दुरुस्ती काय केली, ते क्रमानं सांगतो.

एक, चाचणीला स्वतःचं फोल्डर दिलं. पायटेस्टमध्ये ‘टीएमपी-पाथ’ नावाची सोय आहे. ती प्रत्येक चाचणीला नवं, रिकामं फोल्डर देते. जुन्या फायली दिसायचा प्रश्नच मिटतो. शेवटच्या ३ वेळांची फोल्डरं ती ठेवते, म्हणजे बिघाड झाला तर उघडून बघताही येतं. कुंभार नवा गोळा ठेवण्याआधी चाक पुसतो, तसंच हे.

दोन, साफसफाई शेवटच्या ओळीवर सोडली नाही. मध्येच चाचणी लाल झाली तर शेवटची ओळ चालतच नाही. युनिटटेस्टमध्ये ‘ॲडक्लीनअप’ वापरा. फाइल बनवायच्या आधीच ‘ही पुसायची आहे’ अशी नोंद होते, आणि चाचणी पास होवो की नापास, ते काम होतंच. ‘टेअरडाउन’मध्ये एक खोच आहे: सुरुवातीची मांडणीच फसली तर तो चालत नाही. ‘ॲडक्लीनअप’ तेव्हाही चालतो.

तीन, पुसायचं तर नमुन्यानं नाही, नेमक्या नावानं. आपण बनवलं तेच पुसायचं. नमुना लागणारच असेल, तर ग्लॉबसाठी ग्लॉबचं एस्केप आणि रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी ‘री’ मॉड्यूलचं एस्केप वापरा. एस्केप म्हणजे ‘हे चिन्ह अक्षर म्हणूनच धर’ असं सांगणं. दुसऱ्यात चिन्हाआधी बॅकस्लॅश लागतो, पहिल्यात चिन्ह चौकोनी कंसात बसतं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

चार, साधा मजकूर तपासायचा तर पॅटर्न कशाला? ‘यात हा मजकूर आहे का’ एवढंच विचारा.

(श्रोत्यांतून प्रश्न: मराठी मजकुराला वेगळं काही सांभाळावं लागतं का?)

चांगला प्रश्न. हो, लागतं. शब्दातली अक्षरं शोधायला बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरतात. पायथनच्या नेहमीच्या ‘री’ मॉड्यूलमध्ये ते वेलांटी, काना, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. ‘कुंभार’ शोधायला दिलं तर क, भ, र असे तीन तुकडे हाती येतात. ‘पिंपळगाव’चे प, पळग, व. म्हणून मराठी शब्द वेगळे करायचे तर सरळ मोकळ्या जागेवर तोडा. अंकांचं मात्र उलट आहे. बॅकस्लॅश-डी आपले देवनागरी अंकही ओळखतं.

शेवटी एक सवय सांगतो आणि थांबतो. चाचणी हिरवी झाली की प्रोग्राम मुद्दाम मोडून बघा. फाइल लिहिणारी ओळ बंद करा. चाचणी लाल झाली तर ती खरी. तरीही हिरवीच राहिली तर ती काहीच तपासत नाही. आम्ही हे दोन मिनिटांचं काम आधी केलं असतं, तर कुणाला ‘माझं नाव कुठंय’ असं विचारायला यावं लागलं नसतं.