उद्देशिकेतील शब्दांपासून परदेशी विद्यापीठापर्यंत

काही वर्षांपूर्वी याच वसतिगृहात वाढलेल्या एका माजी विद्यार्थ्याचा संध्याकाळी दूरध्वनी आला. परदेशातील एका विद्यापीठाने त्याला सशर्त प्रवेश देऊ केला होता. आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेत वाचनाचा ठरावीक बँड मिळवणे ही ती अट होती. त्याचा अर्धा बँड कमी पडला. तो म्हणाला, "सर, शब्द सगळे पाठ होते, पण उतारा कळला नाही." हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही, कारण शब्द पाठ करायला त्याला मीच शिकवले होते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्र शासनाचीही स्वतंत्र योजना आहे. दार उघडे असताना आपली मुले उंबरठ्यावर अडखळू नयेत, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. आयईएलटीएसच्या शैक्षणिक वाचन विभागात तीन दीर्घ उतारे, 40 प्रश्न आणि 60 मिनिटे असतात. उत्तरे उत्तरपत्रिकेवर उतरवण्याचा वेळही त्यातच धरलेला असतो. उतारे पुस्तके, नियतकालिके व वृत्तपत्रे यांतून घेतलेले असतात. विषयाचे विशेष ज्ञान लागत नाही. मात्र उताऱ्यात एक शब्द आणि प्रश्नात त्याच अर्थाचा दुसराच शब्द, अशी रचना वारंवार आढळते. एका प्रकारात विधान खरे, खोटे की उताऱ्यात नमूदच नाही, हे ठरवायचे असते. तेथे शब्दाची अंधुक ओळख कामाला येत नाही.

मग शिकावेत तरी किती शब्द? न्यूझीलंडच्या वेलिंग्टन येथील भाषातज्ज्ञ अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा व विज्ञान या चार शाखांतील सुमारे 35 लाख शब्दांचे लेखन तपासून 2000 साली एक यादी प्रसिद्ध केली. नित्य वापराचे दोन हजार शब्द वगळून, सर्व शाखांत पुन्हा पुन्हा येणारी 570 शब्दकुटुंबे त्यांनी निवडली. शैक्षणिक मजकुरातील साधारण दहा टक्के शब्द या कुटुंबांतले असतात. ही यादी म्हणजे आयईएलटीएसचा अभ्यासक्रम नव्हे, तरीही आरंभासाठी याहून नेमकी शिदोरी मला आढळलेली नाही. आठवड्याला 11 कुटुंबे घेतली, तर 52 आठवड्यांत सगळी यादी हाताखालून जाते.

यातील कित्येक शब्द आपल्या मुलांना मुळीच परके नाहीत. शाळेत आपण म्हणतो ती संविधानाची उद्देशिका इंग्रजीत उघडून पाहा. रिझॉल्व्ह, कॉन्स्टिट्यूट, सिक्युअर, स्टेटस, प्रमोट, अश्युअर, इंडिव्हिज्युअल, इंटेग्रिटी हे सारे शब्द, क्वचित रूप बदलून, तेथे आहेत आणि त्यांची कुटुंबे त्या यादीतही आहेत. मराठी उद्देशिकेतील निर्धार, दर्जा, प्रवर्धित करणे, आश्वासन, व्यक्ती, एकात्मता हे शब्द मुलांच्या ओठांवर आहेत. दोन्ही पाठ शेजारी ठेवले की अनोळखी शब्दाला ओळखीचा आधार मिळतो. पाठ्यपुस्तकांतील पुरावा, निष्कर्ष, गृहीतक, प्रक्रिया या मराठी परिभाषेचेही तसेच आहे. मराठी माध्यमात शिकणे हा इंग्रजीतील अडथळा मानू नये. संकल्पना मराठीत पक्की असेल, तर इंग्रजीत फक्त तिचे नाव शिकायचे उरते.

परंतु एका शब्दाला एकच अर्थ बांधून ठेवला की घात होतो. उद्देशिकेत इंटेग्रिटी म्हणजे एकात्मता, पण संशोधकाविषयीच्या उताऱ्यात तोच शब्द सचोटी सांगतो आणि पुलाविषयीच्या उताऱ्यात बांधकामाचा अभंगपणा. सस्टेन म्हणजे टिकवणे एवढेच पाठ असलेला विद्यार्थी, एखाद्या प्रदेशाने दुष्काळात मोठे नुकसान सस्टेन केले असे वाचल्यावर गोंधळतो. तेथे अर्थ आहे सोसणे. आमच्या त्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले होते.

म्हणून वहीत शब्दापुढे केवळ अर्थ लिहू नये. चार रकाने आखावेत: शब्द व त्याचे कुटुंब, तो जेथे भेटला ते पूर्ण वाक्य, त्या वाक्यापुरता मराठी अर्थ, आणि स्वतः रचलेले वाक्य. कॉन्स्टिट्यूटपाशी कॉन्स्टिट्यूशन, कॉन्स्टिट्युअन्सी, कॉन्स्टिट्यूशनल ही भावंडे मांडली, तर एका कष्टात चार शब्द पदरात पडतात. तो शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा आठवून पाहावा. अर्थ झाकून स्वतःला विचारावे. नुसती उजळणी वाचणे पुरेसे नाही. आपल्या वसमतकडचा शेतकरी हळद काढल्याबरोबर मोंढ्यावर नेत नाही. ती शिजवावी लागते, वाळवावी लागते, मग पॉलिश. शब्दाचेही तसेच आहे.

बाबासाहेबांचे इंग्रजी आकाशातून पडले नव्हते. सुभेदार रामजींनी घरी त्यांच्याकडून इंग्रजीची पायाभरणी करून घेतली, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 9 मे 1916 रोजी तेथे त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. त्याच्या शीर्षकात मेकॅनिझम आहे, तर 1925 च्या ग्रंथाच्या शीर्षकात इव्होल्यूशन व फायनान्स आहेत. हे तिन्ही शब्द आज त्या यादीत सापडतात. ज्या भाषेत ज्ञान साठवले होते, ती भाषा त्यांनी मागितली नाही, कमावली.

पालकांनी विचारावे, "आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय करावे?" रोज रात्री मुलाला एवढेच म्हणावे, "आज काय वाचलेस ते मला आपल्या बोलीत सांग." मुलाला सांगता आले, तर त्याला समजले. सांगता सांगता तो अडखळला, तर पुन्हा कोठे वाचायचे ते त्याचे त्यालाच कळेल. माजी विद्यार्थ्यांना विनंती, की आपली जुनी इंग्रजी नियतकालिके व सरावाची पुस्तके शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवावीत आणि सुटीत एखादा उतारा मुलांसोबत बसून वाचावा.

तो विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेस बसला. या वेळी शब्द नव्हे, वाक्ये वाचून. बँड मिळाला. त्याची चार रकान्यांची वही त्याने शाळेला दिली आहे. ती ग्रंथालयाच्या कपाटात आहे, कोणीही मागावी.

जय भीम.