दाबाखाली बदलणारे धातू

चेंबूरपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अतिउच्च दाबाच्या भौतिकशास्त्राची जुनी, भक्कम परंपरा आहे. दोन हिऱ्यांच्या बारीक टोकांमध्ये नमुना चिमटीत धरायचा आणि दाबायचं. टाचणी बोटात घुसते तेच हे तत्त्व: क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब प्रचंड.

अशा दाबाने अणू जवळ आले की त्यांच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्या रुंदावतात, एकमेकींत मिसळतात. अणुभट्टीतल्या इंधननळ्यांसाठी वापरतात त्या झिर्कोनियममध्ये काही इलेक्ट्रॉन ‘एस’ पट्टीतून ‘डी’ पट्टीत सरकतात आणि स्फटिकाची रचना बदलून ‘ओमेगा’ अवस्था येते. याच केंद्रातल्या सिक्का, व्होरा आणि चिदंबरम या शास्त्रज्ञांनी १९८२ साली या अवस्थेवर लिहिलेला विस्तृत आढावा जगभर वाचला गेला. मला तो मुंबईच्या विज्ञानाचा खरा अभिमानबिंदू वाटतो.

लोखंडाची गोष्ट तर अधिकच विलक्षण. वातावरणाच्या सुमारे १.३ लाख पट दाबाखाली त्याची अणुरचना बदलते आणि नेहमीचं लोहचुंबकत्व नाहीसं होतं. आणखी थोडा दाब वाढवून २ केल्विनखाली थंड केलं की तेच लोखंड अतिवाहक होतं, हे २००१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. सोडियम मात्र उलट्या वाटेने जातं: सुमारे २० लाख पट दाबाला हा चकचकीत धातू पारदर्शक विद्युतरोधक बनतो.