मदर काब्रिनी : परक्या देशात आपली माणसं जोडणारी शिक्षिका

पोटासाठी गाव सोडणं सोपं नसतं. आणि जिथं जातो तिथली भाषाच येत नसेल तर? १८८० नंतरच्या ४० वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन माणसं अमेरिकेत गेली. बहुतेक जण दक्षिण इटलीतले गरीब शेतकरी आणि मजूर होते. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींत ते दाटीवाटीनं राहत. आजारी पडलं तर डॉक्टरला दुखणं सांगायचं कोणत्या भाषेत? आईबाप गेले तर मुलांना सांभाळायचं कोणी? गावाकडं शेजारीपाजारी, नातेवाईक असतात. इथं कोणीच नव्हतं.

ही उणीव भरून काढायला एक बाई पुढं आल्या. त्यांचं नाव फ्रान्सिस झेवियर काब्रिनी. जन्म १८५० चा, उत्तर इटलीतल्या लोम्बार्डी भागातला. त्या शिक्षिका होत्या. तब्येत इतकी नाजूक, की जोगिणींच्या मठानंही त्यांना प्रवेश नाकारला! मग १८८० मध्ये त्यांनी स्वतःच जोगिणींचा संघ स्थापन केला. त्यांना जायचं होतं चीनला. पण पोप लिओ तेरावे यांनी त्यांना पूर्वेऐवजी पश्चिमेला, अमेरिकेला जायला सांगितलं.

३१ मार्च १८८९ रोजी त्या सहा सहकारी जोगिणींसह न्यूयॉर्कला पोहोचल्या. तिथं राहायची सोयच झालेली नव्हती. आर्चबिशपांनी तर परत जा असंच सुचवलं. पण त्या मागं फिरल्या नाहीत. आधी अनाथाश्रम आणि शाळा, मग १८९२ मध्ये कोलंबस रुग्णालय, असं काम वाढत गेलं. लहानपणी पाण्यात पडल्यापासून त्यांना पाण्याची भीती वाटे, तरी त्यांनी कितीतरी वेळा समुद्र ओलांडला. १९१७ मध्ये शिकागो इथं त्यांचं निधन झालं, तोवर ६७ संस्था उभ्या राहिल्या होत्या.

या संस्थांमुळं काय झालं? आपली भाषा समजणारं माणूस भेटलं, की परक्या गावातही धीर येतो. मुलं शिकतात, पुढची पिढी तिथं रुजते. काब्रिनी स्वतः १९०९ मध्ये अमेरिकेच्या नागरिक झाल्या. १९४६ मध्ये त्यांना संतपद मिळालं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या अमेरिकन नागरिक.

मुलांनो, तुमच्या वर्गातही परगावाहून आलेलं एखादं मूल असेल. त्याची भाषा वेगळी म्हणून ते गप्प बसत असेल. उद्या त्याच्या शेजारी जाऊन बसाल ना?