बोटाला होकार हवा!

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी नवा फोन हाती आल्यापासून नंबर लावणंच सोडून दिलंय का? मग हे वाचाच.

माझ्या सासूबाई सालेकशाला एकट्या राहतात, आम्ही नागपूरला. जुन्या बटणांच्या फोनवरून त्या रोज संध्याकाळी फोन करीत. पाचाच्या बटणावरचा उंचवटा अंगठ्याला सापडला की चष्माही लागत नसे. आम्ही मोठ्या हौसेनं काचेचा फोन दिला आणि त्यांचे फोनच थांबले! दिवाळीला गेलो तेव्हा उलगडा झाला. त्या आकडा जोर लावून दाबून धरीत. मग शून्याच्या जागी अधिकचं चिन्ह उमटे, एखादा आकडा दोनदा पडे. "या काचेले काय समजते, मी दाबलं का नाही ते!" त्या वैतागून म्हणाल्या.

खरंच आहे की, मैत्रिणींनो! बटण खाली जातं, टक् करतं, वर येतं. हा बोटाला मिळालेला होकारच. काच हलत नाही, म्हणून तो मुद्दाम घडवावा लागतो. फोनमधली चिमुकली मोटर बोट टेकताच थरथरते. मालगाडी गेली की मांडणीतली भांडी थरथरतात ना, तशी. पण अगदी क्षणभर. आपल्या कातडीखालच्या सूक्ष्म संवेदकांना सेकंदाला २०० ते ३०० कंपनं चटकन कळतात. ही थरथर आखूड आणि ठसठशीत हवी. लांबली तर माशी गुणगुणल्यासारखी वाटते. उशिरा आली तर बोट पुन्हा दाबतं. २०१६ सालच्या आयफोन ७ चं गोल बटण मुळी हलतच नव्हतं, तरी दाबल्याचा हुबेहूब भास होई!

तेव्हा एवढं करा. सेटिंगमध्ये 'आवाज आणि कंपन' उघडून डायल पॅड व कीबोर्डचं कंपन चालू करा. नावं फोनागणिक थोडी बदलतात. आकड्यांचा आवाजही चालू ठेवा. 'हलकं टेकवा, लगेच उचला' हे त्यांच्याच बोटानं चार वेळा करवून घ्या. आणि बजावून सांगा, थरथर म्हणजे बोट पोचलं एवढंच. पैसे पोचले असं नव्हे!

आता संध्याकाळी सातला आमचा फोन वाजतो. पलीकडून पहिला शब्द ठरलेला, "लागला गं!"